दरबारातलं पाणी

चाळीस वर्षं मी घानातल्या कुमासीच्या वाचनालयात पुस्तकं लावली. कॉम्प्युटरच्या खेळात लिहिण्याचा मला काय अधिकार, हे मला अजून कळलेलं नाही. पण सेरवाने बोलावलं. तिच्या सहा जणांच्या कंपनीचा खेळ असा: नायक गावोगाव फिरतो आणि तलवार चालवायला, औषधं ओळखायला किंवा बोलायला शिकतो. त्यातलं बोलणं माझ्या वाट्याला आलं. चारचौघांत ज्याचं तोंड उघडत नाही, त्याच्या!

मी एक दरबार लिहिला. नायकाच्या गावाला नदीपर्यंत वाट हवी असते. राजाचे चाळीस रक्षक मारले तर ती मिळते, किंवा बोलून. चाचणीच्या चार दिवसांत बोलून एकालाही मिळाली नाही.

"वोफा, रागावू नका," सेरवा म्हणाली. वोफा म्हणजे मामा; तिथे सगळे मला तेच म्हणत. "आज आफ्राकोमालाही जमलं नाही, तर दरबार काढते. नुसती मारामारी ठेवू."

आफ्राकोमा आमची खेळातली पट्टीची लढवय्यी. "माझी तलवार बोलते की!"

"तिचं ऐकून झालंय. आज तोंड चालव."

"ते काय, चालतंच!"

चाचणीत लिहिणाऱ्याने अवाक्षर काढायचं नाही, असा नियम होता. मला तो सोयीचाच. मी मागे स्टुलावर बसलो.

तिचा नायक, सगळ्यांचा शिरे तसाच, तलवार उपसून दरबारात शिरला. राजाशी थेट न बोलता तो ओच्यामेकडे, राजाच्या वतीने बोलणाऱ्याकडे, वळला. शाबास. सेविकेने पाणी पुढे केलं. नायकाने घेतलं. ओच्यामे गप्प. राजाने मान फिरवली.

"अडकलं," संगीत करणारा बोआडी म्हणाला. "वोफा, तुमचा राजा बिघडलाय!"

सगळे हसले. मलाही वाटलं, चुकलंच असेल माझं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा ती पडद्याला नाक लावून बसली.

"थांबा! हा डाव्या हाताने पाणी घेतोय!"

"उजव्या हातात तलवार आहे ना त्याच्या," सेरवा सावकाश म्हणाली.

"अरे गाढवा!" आफ्राकोमा नायकावर ओरडली. "माझ्या आजीने पाहिलं असतं तर तंगडी मोडली असती तुझी."

तिने नायकाला बाहेर नेलं, तलवार उंबऱ्याशी ठेवायला लावली, परत आणलं. पाणी उजव्या हाताने घेतलं. ओच्यामेने विचारलं, "पाहुण्या, वाट कशी होती?" मग अर्धा तास बोलणं चाललं. एकदा तिने घाई केली आणि गोष्ट फिसकटता फिसकटता राहिली. पण नदीची वाट मिळाली. चाळीसही रक्षक जिवंत.

"वोफा, हे मुद्दाम लिहिलंत?" सेरवाने विचारलं.

"हो," मी म्हणालो. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

"दरबार राहणार. आणि पुढच्या गावांचे तीन दरबारही तुम्हीच लिहा."

बोआडी आता हसत नव्हता. मी पिशवीतला गरम बोफ्रोट, तळलेला गोड गोळा, काढून आफ्राकोमापुढे धरला. तिच्या उजव्या हातात माउस होता. डावा हात पुढे आला, अर्ध्यावर थांबला. तिने माउस सोडला.