गोटीचा आउट

पुरुषांची व्यावसायिक टेनिस स्पर्धा आमच्या शहरात आली आणि बाळसं धरते न धरते तोच प्रायोजकांनी अंग काढून घेतलं. तिसरं वर्ष हेच शेवटचं. त्या शेवटच्या फायनलला मागच्या रेषेवर पंच होते माझे सासरे.

बाबा भूगोलाचे निवृत्त शिक्षक. तीन वर्षांत मुख्य पंचांनी त्यांचा एकही निकाल फिरवला नव्हता. "एवढी मॅच निभावली की गंगेत घोडं न्हालं," ते म्हणत. सराव घरीच चाले. टेबलावरून चमचा पडला की हात आडवा, "आउट." दूध उतू गेलं, "आउट." परिणामी आमची दीड वर्षाची गोटी 'आई' म्हणायच्या आधी 'आउट' म्हणायला शिकली.

म्हणून माझा जीव टांगणीला.

"आई, मी घरीच थांबते हिला घेऊन," मी सासूबाईंना म्हणाले.

"सासरा शेवटचा उभा राहणार आणि सून घरी? बिस्किटं घे बरोबर. तोंड भरलेलं असलं की माणूस निकाल देत नाही. तुझ्या सासऱ्यांवर लग्नापासून हाच प्रयोग चाललाय."

वेळ आलीच तर पळता यावं म्हणून मी मैदानाच्या दाराजवळची खुर्ची धरली, नेमकी बाबांच्या पाठीमागची; शेजारी सासूबाई. सर्व्हिस सुरू झाली की गोटीच्या तोंडात एक तुकडा. हिशेब चोख होता, पण मॅच लांबली. निर्णायक सेटमध्ये पुडा रिकामा झाला.

तेवढ्यात पलीकडच्या उंच खेळाडूचा फटका मागच्या रेषेला चाटून गेला. बाबांचे दोन्ही तळवे जमिनीकडे झाले. म्हणजे बॉल आत. आणि माझ्या मांडीवरून, थेट बाबांच्या सुरात, आवाज आला, "आउट."

अलीकडच्या खेळाडूनं रॅकेट खाली घेतली. उंच खेळाडू हात पसरून मुख्य पंचांकडे निघाला. सगळं मैदान बाबांकडे बघायला लागलं: हा माणूस तोंडानं एक सांगतो आणि हातानं दुसरंच? बाबांचे कान लाल झाले, पण तळवे हलले नाहीत. रेषेवरच्या पंचानं वळून बघायचं नसतं.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. मी उभी राहिले आणि गोटीलाच उंच धरलं. तिनं ऐटीत हात आडवा केला.

"आउट."

आधी उंच खेळाडू हसला, मग सगळं मैदान. मुख्य पंचांनी माईक ओढला. "बॉल आत होता. रेषेवरच्या पंचांचा निकाल कायम. दुसऱ्या पंचबाई प्रेक्षकांत आहेत. पॉइंट पुन्हा खेळा."

बाबांचे खांदे तेव्हा कुठे सैल झाले.

मॅच उंच खेळाडूनंच जिंकली. लोक पांगले, जाळी उतरली. मला वाटलं, आता बाबा बोलणार. ते आले, गोटीला उचलून रेषेमागे उभं केलं आणि समोरून एक बॉल घरंगळत सोडला. बॉल रेषा ओलांडून चांगला हातभर बाहेर गेला. गोटीनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि दोन्ही तळवे जमिनीकडे केले.

"फिरवा आता निकाल," सासूबाई म्हणाल्या. "बघू तुमची हिंमत."

बाबांनी बॉलकडे पाहिलं. मग नातीकडे.

"आतच होता," ते म्हणाले.