टेंभी नाक्यावरचा प्रोसेसर आणि झेंडूचा हार

मित्रांनो, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा मी एक जुना प्रोसेसर आहे. माझा जन्म वाळूपासून झाला, हे सांगून तुम्हाला पटायचं नाही. त्या वाळूच्या चकतीवर माणसांनी लाखो बारीक वाटा कोरल्या आणि मला आकडेमोड शिकवली. त्यांच्या हातांचं मला अजून नवल वाटतं.

१९९८ साली मी ठाण्यात, टेंभी नाक्याजवळ आनंदाच्या व्हिडिओच्या दुकानात आलो. लग्नाच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून त्यांना नावं आणि गाणी जोडणं, हे माझं काम. दुपारी आनंदा माझ्यावर गाड्यांची शर्यत खेळायचा. "काय पळतोय रे हा!" म्हणत शेजारचे दुकानदार तोंडात बोटं घालायचे. मीही जरा चढून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

दसऱ्याच्या सकाळी कोळीवाड्यातल्या आवडाबाई लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. त्यांचा नवरा राघो दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्याचा एकही फोटो नव्हता. तो उरला होता फक्त या कॅसेटमध्ये, वरातीत नाचताना. आणि फितीला तर बुरशी लागलेली!

"मावशी, ही एकदाच चालेल," आनंदाची बायको मंदाकिनी म्हणाली. "तेवढ्यात उतरली तर उतरली."

दुकानात यंत्रांची पूजा मांडलेलीच होती. आवडाबाईंनी हात जोडले आणि झेंडूचा भलामोठा हार माझ्या कॉम्प्युटरच्या डब्याला मागूनपुढून गुंडाळला. कॅसेट सुरू झाली.

हाराने मला गार ठेवणाऱ्या पंख्याची जाळी बुजली. सेकंदाला पंचवीस चित्रं येत होती, वरात जवळ येत होती आणि माझा जीव गुदमरत होता. आता बंद पडलो तर राघो कायमचा गेला, एवढंच मला कळत होतं. पडद्यावरचं चित्र अडखळलं.

"अगं बाई, हँग होतोय!" मंदाकिनी किंचाळली.

आवडाबाईंनी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा डब्यावर हात ठेवला. "यो तर तापानं फणफणलाय गो! मीच त्याचं नाक बुजवलं!" त्यांनी हार ओढून काढला आणि पदराने वारा घालू लागल्या.

मला श्वास आला. आणि राघो आला! लाल टोपी, नाचत नाचत थेट समोर. त्याने हात हलवून कुणाला तरी बोलावलं.

"आले, आले," आवडाबाई म्हणाल्या. वारा घालणारा हात काही थांबला नाही. वरात संपली आणि फीत तुटली; पण तोवर राघो कॉम्प्युटरवर उतरला होता.

पुढे दर दसऱ्याला त्या राघोला बघायला यायच्या. आधी जाळीवर तळहात धरून वारा येतोय ना ते बघायच्या, मग एकच फूल समोर ठेवायच्या. आता मी खणात पडून आहे. मित्रांनो, तुमच्या यंत्राला हार घालाल, तेव्हा तेवढा तळहात धरून बघा. आत कुणाचा तरी राघो नाचत असेल.