हिवरखेडची कात टाकणारी गाडी

नत्थुजींच्या अंगणात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांची जुनी लाल गाडी चक्क कात टाकत होती! बॉनेटवर आणि टपावर पांढरे चट्टे, त्यांच्या कडांना कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे. बाया हळदकुंकू वाहत होत्या. चुकून हॉर्न वाजला असता, तर अर्धं गाव लोटांगणात गेलं असतं.

"नागपंचमीले ही गाडी कोणं चालवली?" गावचे मांत्रिक भुजंगबाबा गरजले.

सगळ्यांच्या नजरा सून चंदाकडे वळल्या. त्या दिवशी गावात कुणी नांगर धरत नाही, विळीवर भाजीसुद्धा चिरत नाही. आणि ही सासूला घेऊन अकोल्याला गेली होती! पार्वताबाईंच्या डोळ्यातल्या इंजेक्शनची तारीख होती, आणि घरात गाडी एकट्या चंदालाच यायची.

"नाग कोपला! आता बाईनं चावीले हात लावाचा नाही." बाबांनी कुपीतलं तेल काढलं, "फट् फुस्स" असा काहीसा मंत्र टाकला आणि एक चट्टा चोळला. चट्टा गायब! खाली लालभडक रंग. जयजयकार झाला.

घाबरलेल्या नत्थुजींनी हात पुढे केला. "दे चावी, पोरी."

"अन् बुधवारचं पुढचं इंजेक्शन, मामाजी? तारीख चुकली तं आईची नजर जाईन."

नत्थुजींनी तरी चावी घेतली. चंदानं तांब्याभर पाणी आणून दुसऱ्या चट्ट्यावर ओतलं. तोही गायब! गर्दी चपापली. उघडीप होती, ऊन तापलं होतं. पाणी वाळलं आणि चट्टा पुन्हा पांढराफटक.

"पाण्यात शक्ती कमी! तेलात देव हाय," बाबा म्हणाले.

"मंग तुमचा चट्टा साबणानं धुऊन पाहू."

"पाप लागन!"

तेवढ्यात ओट्यावरून पार्वताबाई बोलल्या, "धुवा जी. पाप माह्या डोक्यावर."

नत्थुजींनी भांड्यांचा साबण आणला, चट्टा खसाखसा घासला, धोतराच्या सोग्यानं पुसला. देव वाहून गेला, चट्टा तेवढा राहिला. बाबांना एकाएकी तेल्हाऱ्याला जायचं काम आठवलं.

"रंगावर काचेसारखा एक थर असते," चंदा सांगू लागली. "गॅरेजवाले त्याले क्लिअर कोट म्हणतात. वर्षानुवर्षं ऊन खाऊन तो रंगापासून सुटते. त्या खरखरीत जागी तेल भरलं का चमकते, निघालं का पांढरं दिसते. नाग कोपला असता तं दारं काहून सोडली? जिथं ऊन जास्त, तिथंच पापुद्रे."

"मंग पॉलिश मारलं तं?" कुणीतरी विचारलं.

"सुटलेलं साल पॉलिशनं चिकटते का जी? घासून काढा लागते, रंग द्या लागते, वरून नवा थर. तोवर गाडी सावलीत ठेवाची."

नत्थुजींनी चावी तिच्या हातात ठेवली. मान खाली घालून म्हणाले, "मी भेलो होतो, पोरी."

बुधवारी ती चट्टेरी गाडी अकोल्याला निघाली, पुढच्या सीटवर पार्वताबाई ऐटीत. त्या गर्दीत हात माझेही जोडलेले होते. मला राग येतो तो बाबांचा कमी, आपला जास्त. एका म्हातारीची नजर आपण तेलाच्या कुपीवर सोडायला निघालो होतो. तेव्हा मंडळी, पुढचा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तो एकदा साबणानं धुऊन पाहा. खरा असेल तर टिकेल.