शामरावांच्या बाटल्यांतले निकाल

काळाचौकीला धुरी चाळ संपते आणि पिंटो बिल्डिंग सुरू होते, त्या नेमक्या रेघेवर शामराव परबांचं मसाल्याचं दुकान. दुकानाला दोन दारं. एक धुरी चाळीच्या अंगणात उघडतं, दुसरं पिंटो बिल्डिंगच्या बोळात. या दारातून मालवणी मसाला जातो, त्या दारातून ईस्ट इंडियन ख्रिश्चनांचा बाटली मसाला. आणि चाळीस वर्षं दोन्ही दारांतून भांडणं आत येत, कारण शामराव दोन्हीकडचे न्यायाधीश होते. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. पण जो ना इकडचा ना तिकडचा, आणि ज्याच्याशी वाकडं घेतलं तर वर्षाचा मसाला बिघडण्याची धास्ती, त्याच्याइतका निःपक्षपाती माणूस दुसरा कुठून आणायचा?

त्यांच्या कोर्टाची एक रीत होती. दोन्ही पक्षांनी लाल मिरच्यांच्या ढिगाच्या दोन बाजूंना बसायचं आणि देठं काढत काढत आपलं म्हणणं मांडायचं. हात थांबला की तोंडही बंद. रागाच्या भरात कोणी डोळे चोळले, तर शिक्षा तिथल्या तिथे. लेक मीनाक्षी लहान होती तेव्हा तिला वाटायचं, बाबा फार खोलात शिरतात. पुढे स्वतः दुकानात बसायला लागल्यावर तिच्या ध्यानात आलं, की एप्रिलमधले खटले दोन-दोन दिवस चालतात आणि पावसाळ्यातले पाच मिनिटांत उरकतात. न्यायाधीश निवाडा देत होता आणि दुकानदाराची मिरची फुकटात साफ होत होती. दोघे एकाच बंडीत राहत असल्यामुळे त्यांचं आपसांत छान जमायचं.

निकाल लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर लिहिला जाई, त्याखाली दोघांच्या सह्या, मग सुरळी करून तपकिरी बाटलीत, वर बूच. मसाल्याला ऊन लागू नये म्हणून असतात ना, त्याच बाटल्या. माळ्यावर त्यांची रांग होती.

शामराव जानेवारीत गेले, नव्वदीला टेकून. दोन्ही चाळींचा पुनर्विकास तेव्हा दारात येऊन ठेपला होता. दोन चाळी, दोन सोसायट्या, दोन बिल्डर. आणि मार्चअखेर एकाच आठवड्यात मीनाक्षीच्या हातात दोन पत्रं पडली. धुरी चाळीचे सेक्रेटरी जयवंत यांनी कळवलं होतं, की सदर दुकान आमच्या हद्दीत येत नसून ते पिंटो बिल्डिंगचं आहे. पिंटो बिल्डिंगचे सेक्रेटरी लिओनार्ड यांनी कळवलं होतं, की सदर दुकान धुरी चाळीचं आहे. दुकान आपलं म्हटलं, की नव्या इमारतीतला नाक्यावरचा गाळा मीनाक्षीला द्यावा लागणार, आणि तो कोणाला सोडवतो? सोमवारी दोन्हीकडच्या याद्या बिल्डरांकडे जायच्या होत्या. दोन्ही याद्यांत मीनाक्षीचं नाव नव्हतं.

बावन्न वर्षांच्या मीनाक्षीला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. ती शिडी लावून माळ्यावर चढली. बाबांनी हद्दीबद्दल कुठे एक ओळ तरी लिहिली असेल.

पहिल्या बाटलीत नळाचा खटला निघाला. दुसरीत पिंटो बिल्डिंगच्या डोरिसच्या मांजराने खाल्लेला बांगडा. ‘मांजर दोषी. परंतु बांगडा गॅलरीत उघडा ठेवणारीही दोषी. दोघींनी एकत्र जेवावे, मांजरास काटे द्यावेत.’ तिसरीत जयवंतच्या तरुणपणीचं एक प्रकरण होतं, त्यात पिंटो बिल्डिंगमधली सेलिना, गच्ची आणि एक पतंग होता. मीनाक्षीने ते अर्धं वाचलं, मग सभ्यपणाने उरलेलंही वाचलं आणि बूच घट्ट लावलं.

अकराव्या बाटलीवर चिठ्ठी होती: ओटा.

ओटा म्हणजे दुकानासमोरचा, नाक्यावरचा. भाद्रपदात त्यावर धुरी चाळीचा गणपती बसतो, डिसेंबरात पिंटो बिल्डिंगचा ख्रिसमसचा गोठा. एके काळी त्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती, एवढं तिला आठवत होतं. बाबांनी लिहिलं होतं: ‘दुकान ज्या चाळीत, ओटा त्या चाळीचा. दुकान कोणत्या चाळीत, ते यथावकाश सांगण्यात येईल. तोवर भाद्रपदात यांचा, डिसेंबरात त्यांचा.’ खाली जयवंतच्या वडिलांची सही, लिओनार्डच्या वडिलांची सही.

पस्तीस वर्षं यथावकाश चाललं होतं.

बाटलीच्या तळाशी आणखी एक घडी होती, वर ‘मीनाक्षीसाठी’. तिने ती उघडली, वाचली, शिडीवर बसूनच खूप वेळ हसली, मग पदराने डोळे पुसले. हाताला मिरची होतीच.

खाली उतरून तिने गंगुबाईंना हाक मारली. गंगुबाई म्हणजे धुरी चाळीचा तळमजला, आणि दोन्ही चाळींचं वार्ताखातं.

“मावशी, ओट्याचा कागद सापडलाय बाबांचा. दुकान ज्यांचं, ओटा त्यांचा, असं लिहिलंय. पण कोणाला बोलू नका हां.”

“मी खय कोणाक सांगतंय गो?” म्हणत गंगुबाईंनी चपला शोधल्या.

चहाची वेळ व्हायच्या आत जयवंत अंगणातल्या दारातून आला आणि लिओनार्ड बोळातल्या. दोघे एकमेकांना बघून जरा थबकले.

“मीनाताई, काय ऐकतोय मी?” जयवंत म्हणाला. “तो कागद बघू.”

“बसा की. बाबांची रीत ठाऊक आहे ना?” मीनाक्षीने बेडगी मिरचीचं पोतं दोघांच्या मधे उपडं केलं. “देठं काढत बोलायचं.”

“अगं, माझं ब्लडप्रेशर,” लिओनार्ड म्हणाला.

“गोळी घेतली ना सकाळी? मग बस.”

दोघे बसले. साठीच्या माणसांना मांडी घालून बसताना जो आवाज होतो, तो झाला. मीनाक्षी मधल्या पाटावर टेकली आणि तिने निकाल वाचून दाखवला. मग दोन्ही पत्रं वाचून दाखवली, सही-शिक्क्यासकट.

“म्हणजे बघा,” ती म्हणाली, “धुरी चाळीने लेखी दिलंय, दुकान आमचं नाही. तर ओटाही नाही. पिंटो बिल्डिंगचंही तेच. दोघांनी एका आठवड्यात ओटा सोडला. बाबांना पस्तीस वर्षांत जमलं नाही ते तुम्ही करून दाखवलंत.”

जयवंतचा हात थांबला.

“हात,” मीनाक्षी म्हणाली.

“पण कोर्टात असल्या कागदाला कोण विचारतो? लग्नाची पत्रिका आहे ती.”

“नाही विचारत. मंडळाच्या मीटिंगमध्ये सांग तसं. सांग, की गाळा वाचवायला मी बाप्पाची जागा लिहून दिली. पोरं समजून घेतील.”

जयवंतने एकदम चार मिरच्यांची देठं मोडली.

“आमचं पत्र ड्राफ्ट होतं,” लिओनार्ड हळूच म्हणाला. “फायनल नाय. दुकान आमचंच आहे, मीना. शाम अंकल आमच्या घरचाच माणूस. डोरिसच्या लग्नात वेडिंग केक कोणी वाटला?”

“अरे जा ना. आमच्या घरात सतरा वर्षं गणपतीला पहिला नारळ त्यांचा असायचा.”

“गेल्या आठवड्यात नाय आठवला नारळ?”

“तुला केक आठवला होता काय रे?”

दोघांचं तासभर असं चाललं. शामराव कोणाच्या घरी किती जेवले, कोणाच्या आईला मावशी म्हणत, सगळं निघालं. मीनाक्षी ऐकत होती. बाप गेल्यावर सुतकाच्या दहा दिवसांत जेवढं कोणी बोललं नव्हतं, तेवढं आज ही दोघं भांडता भांडता बोलत होती. पोतं निम्म्यावर आलं.

“दुकान नक्की कोणत्या चाळीत, ते अंकलने लिहिलंय का कुठे?” लिओनार्डने शेवटी विचारलं.

“लिहिलंय,” मीनाक्षी म्हणाली. “माझ्याकडे आहे.”

“मग वाच की.”

“वाचीन. पण उद्या दोन्ही बिल्डिंगा उभ्या राहिल्या आणि मला दुकानच नसलं, तर निकाल देणार कुठे बसून? आधी गाळा. आहे याच रेघेवर, अर्धा यांनी द्यायचा, अर्धा त्यांनी. दोन दारं.”

“आर्किटेक्ट वेडा होईल,” जयवंत म्हणाला.

“त्यालाही घेऊन या. संकेश्वरी बाकी आहे अजून.”

जयवंतच्या मुलाची, वैभवची, लग्नपत्रिका फळीवर पडली होती. तिच्या पाठीवर मीनाक्षीने लिहिलं, की निम्मं दुकान धुरी चाळीचं, निम्मं पिंटो बिल्डिंगचं, आणि दोन्ही याद्यांत ते सोमवारी चढेल. दोघांनी तिखट बोटांनी सह्या केल्या. पत्रिकेवरच्या गणपतीला दोन लाल ठसे उमटले.

“आणि निकाल?” जयवंतने उठता उठता गुडघा धरून विचारलं.

“यथावकाश.”

ते दोघे आपापल्या दारातून गेले. लिओनार्डने बाहेर पडताच डोळे चोळले असावेत, कारण बोळातून आईची आठवण काढल्याचा आवाज आला.

मीनाक्षीने पत्रिकेची सुरळी करून बाटलीत सारली. मग बाबांची घडी पुन्हा एकदा उघडली. त्यात त्यांच्या तिरक्या अक्षरात एवढंच होतं: ‘दुकान कोणत्या चाळीत, ते मलाही ठाऊक नाही. हे कोणाला कळू देऊ नकोस. मिरची एप्रिलातच घे.’

तिने घडी ब्लाउजमध्ये खोचली, बूच लावलं आणि राहिलेल्या बेडगीकडे पाहिलं. अजून बरीच उरली होती. डोरिस आणि गंगुबाईंचं कपडे वाळत घालण्यावरून सकाळी काहीतरी झालं होतं म्हणे. तिने दोन्ही दारं सताड उघडली आणि पाट पुसून ठेवला.