कॅमेऱ्याकडे बघू नका, मावशी

मित्रांनो, माझ्या पट्ट्याचा रंग उडाला आहे, एक कोपरा झिजला आहे आणि लातुरातल्या एका कपाटात मी पडून आहे. मी एक जुना कॅमेरा आहे. कारखान्यातून निघालो तो दयानंद या तरुणाच्या हाती आलो. पहिली पाच वर्षं आम्ही लग्नंच लग्नं केली. स्टेजवर येणारा प्रत्येक मामा पोट आत ओढून माझ्यासमोर उभा राहायचा. "इकडं बघा, इकडं बघा" म्हणून दयानंदचा घसा बसायचा. मला मात्र ते आवडायचं.

मग दयानंदला त्या ओढूनताणून हसण्याचा वीट आला. खरं जगणं टिपायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. डाळ मिलमध्ये डाळ निवडणाऱ्या रुक्मिणबाईंच्या शेजारीच त्यानं खोली घेतली. आठ महिने तो त्यांच्याबरोबर मिलवर गेला, सूप धरायला शिकला, त्यांच्या चुलीवरची भाकरी खाल्ली. सुरुवातीला मला पाहिलं की बाई पदर सावरून ताठ बसायच्या. ते फोटो दयानंद पुसून टाकायचा. "मावशी, कॅमेऱ्याकडे बघू नका. मी इथं नाहीच असं समजा," म्हणायचा. हळूहळू बाई मला खरंच विसरल्या. दयानंद घरचाच झाला, याचा मला केवढा अभिमान वाटे!

एका रविवारी बाई हिरवं इरकल नेसून दारात खुर्ची टाकून बसल्या.

"लेका, माझा एक बसून फोटू काढ की. उद्या मी मेले तर पोरीनं भिंतीला काय लावावं?"

दयानंदनं मला डोळ्याला लावलं. बाई थेट माझ्या भिंगात बघत होत्या. ओठ मिटलेले, डोळ्यांत लाजरं हसू. मी तयार होतो. पण बटण दबलंच नाही.

"असं नको मावशी. कामात असता तेव्हाच तुम्ही खऱ्या दिसता. हा नंतर काढू."

"बरं बाबा, तुला त्यातलं कळतं," म्हणत त्या उठल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या. बटण माझंच होतं, पण ते दाबणारं बोट माझं नव्हतं.

पुढच्याच महिन्यात चार दिवसांच्या तापानं रुक्मिणबाई गेल्या. शिरूर अनंतपाळला दिलेली त्यांची लेक अयोध्या दयानंदकडे आली.

"दादा, तेराव्याला मांडायला आईचा फोटू द्या. तुमच्याजवळ लई असतील."

दयानंद माझ्या पडद्यावर एकेक फोटो दाखवू लागला. हात, वाकलेली पाठ, सुपाआडचं कपाळ, खाली घातलेली मान. साडेतीन हजार फोटो संपत आले.

"आईच हाय," अयोध्या म्हणाली, "पर तोंड कुठं हाय दादा? हाताला हार कसा घालू?"

दयानंदनं तिला त्या रविवारचं, खुर्चीतल्या न काढलेल्या फोटोचं सांगितलं. त्यानं शिकवलं तसंच बाई वागल्या होत्या.

तेराव्याला चौरंगावर आधार कार्डावरून मोठा केलेला फोटो होता, इतका फिकट की नातीला आजी ओळखू येईना. पुढे त्या हातांच्या फोटोंचं नांदेडला प्रदर्शन भरलं. लोकांनी फार नावाजलं. तिथून आल्यावर दयानंदनं मला कपाटात ठेवलं, त्याला दोन वर्षं झाली. भिंगावर आता बुरशी धरते आहे.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. पण "माझा एक फोटो काढ" असं कुणी म्हणालं, तर त्याला हवा तसा काढा. नंतर काढू म्हणू नका. त्या रविवारी आई खुर्चीत कशी दिसत होती, ते अयोध्याला बघायचं आहे. मी बाईंना अगदी समोरून, स्वच्छ पाहिलं आहे. पण मला ते दाखवता येत नाही.