पाळकसाहेबांचा वाढलेला पाय

"वाढला! पाय वाढला!" सभागृहात एकच गलका उडाला. मागच्या रांगा बाकांवर चढल्या, पेटीवाला सूर सोडून टाळ्या पिटू लागला. व्यासपीठावर पाळकसाहेब खुर्चीत बसले होते आणि पाहुण्या उपदेशकांनी त्यांचे दोन्ही बूट तळहातांवर धरले होते. मघाशी उजवा पाय बोटभर आखूड दिसत होता. आता दोन्ही टाचा अगदी बरोबरीत आल्या होत्या.

"हा देवमाणूस वर्षानुवर्षं लंगडत होता!" उपदेशक माइकमध्ये गरजले. "त्याला पत्ता नव्हता, पण मला थेट वरून निरोप येतो! घरी जा, औषधं फेकून द्या. पवित्र शास्त्र म्हणतं, विश्वासाने मागाल ते मिळेल. त्यानंतरही गोळी गिळणारा देवाला खोटं पाडतो!"

पाळकसाहेब जन्मात कधी लंगडले नव्हते. प्रार्थना सुरू होताना त्यांचा डावा बूट टाचेपासून हळूच ओढला गेला होता आणि 'आमेन'च्या आधी तसाच हळूच आत ढकलला गेला होता. त्यांना ते स्पष्ट जाणवलं होतं. पण पाहुण्यांना बोलावलं होतं त्यांनीच, आणि मंडळी आनंदाने रडत होती. ते कसनुसं हसले आणि मूग गिळून गप्प बसले.

जीव मात्र थाऱ्यावर राहिना. सकाळी शास्त्र उघडावं, मिटावं, खिडकीशी जावं, परत यावं, असं चाललं होतं. तेवढ्यात धाकटी बहीण हसतमुखाने आत आली.

"दादा, पोरीच्या फिटच्या गोळ्या दिल्या कचऱ्यात टाकून!"

"अगं, एकही दिवस चुकवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना?"

"तुझा पाय काय डॉक्टरांनी वाढवला? मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"त्यांनी बूट ओढला होता, बाई! पाय होता तेवढाच आहे."

"मग काल हसत काय बसला होतास? तुझाच विश्वास डळमळलाय. माझ्या पोरीला गोळी द्यायला आलास, तर दारात उभा करणार नाही."

ती तरातरा निघून गेली. तिला दोष कसा द्यायचा? ती जे खरं मानत होती, ते त्यांच्याच हसण्याने पक्कं झालं होतं.

संध्याकाळी सभा सुरू होताच पाळकसाहेब स्वतःहून खुर्चीत बसले. "पाहुणे, आज पुन्हा करा. फक्त मोशेला पवित्र जागेवर जोडे काढायला सांगितलं होतं, तेव्हा मीही काढतो."

उपदेशक चपापले. "पाळक, देवाची परीक्षा पाहू नका!"

"देवाची नाही, बुटांची पाहतोय."

उपदेशक घाम पुसत गाणं सुरू करायच्या खुणा करू लागले, पण पेटीवाल्याची मान खुर्चीकडेच वळलेली होती. पाळकसाहेबांनी बूट तूर्त तसेच ठेवून पाय लांब केले आणि पहिल्या रांगेतल्या बहिणीला बोलावलं.

"ये, माझे बूट धर. डावा टाचेकडून जरा ओढ. बघा मंडळी, उजवा आखूड झाला की नाही? आता ढकल आत."

तिने ढकलला. पाय सारखे झाले. या वेळी टाळी कुणीच वाजवली नाही. बहीण आपल्याच हातांकडे बघत राहिली.

"काल मला कळलं होतं आणि मी गप्प बसलो, याची मला लाज वाटते," पाळकसाहेब म्हणाले. "शास्त्र हातात घेऊन उभं राहणाऱ्याने सोयीचं तेवढंच वाक्य उचलायचं नसतं. पौलाने आजारी सोबत्याला वाटेत मागे ठेवलं, तेव्हा 'तुझा विश्वास कच्चा' म्हणून हिणवलं नाही. त्याचा दुसरा सोबती लूक तर वैद्य होता, त्याला कुणी औषधं फेक म्हटलं नाही. उपदेशक कितीही गरजू दे, तो सांगतो तसं खरंच लिहिलंय का, ते घरी पान उघडून बघा. माझंही तपासा. डोळे आणि अक्कल देवानेच दिलीय, ती दाराबाहेर ठेवून आत येऊ नका. आणखी एक सांगतो—"

"दादा, नंतर सांग!" बहीण दारापर्यंत पोचलीसुद्धा होती. "औषधाचं दुकान बंद होईल. चल आधी!"

पाळकसाहेब प्रवचन अर्धवट टाकून तिच्यामागे धावले.