परवाचा दिवस

"आंटी, तुम्ही तर अगदी ठणठणीत दिसताय!" सेला दारातच म्हणाली आणि ग्लेनिसचा चेहरा उतरला.

सेला मूळची टोंगा बेटांवरची, पेशानं नर्स. वर्षानुवर्षं न हटणाऱ्या थकव्याचे सगळे रोगी एकाच माळेचे मणी नसतात, त्यांच्यात वेगवेगळे प्रकार असतात, असं म्हणणाऱ्या डॉक्टरांसाठी ती गाडी हाकत ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या वॉरनॅम्बूलला आली होती. रक्त, प्रश्न आणि भिंतीला टेकून दहा मिनिटं उभं राहणं. त्यावरून गट ठरायचा. एकेकाळी समुद्रात मुलांना पोहायला शिकवणाऱ्या ग्लेनिसला गावानं अकरा वर्षांपूर्वीच एक गट देऊन टाकला होता, आळशी. तिला औषधाचीसुद्धा आशा नव्हती. तू अमक्या प्रकारातली, तुझ्यासारख्या आणखी आहेत, एवढं कुणीतरी म्हणावं यासाठी तिचा जीव तुटत होता.

म्हणून तर ती आठवडाभर अंथरुणातून हलली नव्हती. साठवलेल्या बळावर आज तिनं केससुद्धा धुतले होते.

दहा मिनिटं ती उभी राहिली. मेली नाडी शहाण्यासारखी चालली.

"पहिला गट. सौम्य," सेलानं लिहिलं.

"सौम्य?" क्लाइव्ह, तिचा नवरा, चहाचे कप आपटत म्हणाला. "परवा ये पोरी! परवा हिला चमच्यानं भरवत असेन मी."

"गप्प बसा हो." पण ग्लेनिसचे डोळे भरून आले. आपल्याच हातानं तिनं पायावर धोंडा पाडून घेतला होता.

"परवाच का, अंकल?"

"नेहमी परवाच. उद्या जरा कुरकुरते, परवा कोसळते."

सेलानं पेनाला टोपण लावलं. "परवा माझी सुट्टी आहे," ती म्हणाली.

आणि ती खरंच आली. पडदे ओढलेल्या खोलीत ग्लेनिसला उशीला टेकवून नुसतं बसवलं, तर नाडी उधळली. सेलानं तिला हळूच आडवं केलं.

"दोन्ही दिवसांचं लिहून पाठवते, आंटी. तिसरा गट, उशिरा कोसळणाऱ्यांचा. आतापर्यंत एकशे चार आहेत तुमच्यासारख्या."

डोळे मिटून ग्लेनिस त्या एकशे चार बायकांना मनातल्या मनात समुद्रातून बाहेर काढू लागली. कुणी आत राहायला नको, म्हणून एकेक डोकं मोजायची तिची जुनी सवय.

सहाव्या डोक्याशी ती दमली.